नाट्यगृह उभं राहील, पण घंटा देणाऱ्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आगीत जळालेल्या आपल्या कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीच्या बातम्या मी रोज वाचतो. छताचे फोटो येतात, निधीचे आकडे येतात, खुर्च्या किती आणि कशा यावरही चर्चा होते. मात्र विंगेत उभं राहून ज्यांनी हे नाट्यगृह चालवलं, त्यांच्याविषयी क्वचितच काही वाचायला मिळतं. म्हणून हे पत्र.

मी हौशी रंगकर्मी. म्हणजे खरं तर रंगमंचावर फार कमी आणि त्याच्या मागंच जास्त. फ्लॅट म्हणजे देखाव्याच्या चौकटी ठोकणं, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे उंचवटे उचलणं, टेम्पोवाल्याशी भाड्यावरून वाद घालणं यात माझी चाळीस वर्षं गेली. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागल्याचा फोन आला आणि मी चप्पल न घालताच बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, गायक नट केशवरावांची जयंती होती. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला ही गर्दी जमलेली. त्या गर्दीत आमच्या नाटकांना लाईट लावणारे एक मामा भेटले. मामा रडत नव्हते. बोटांवर मोजत होते. ‘इकडं झालर, तिकडं मागचा सायक्लोरामाचा पडदा, वर स्पॉट...’ काय काय जळालं याची यादी तोंडपाठ असलेला माणूस तिथं तोच एक असावा.

राज्य नाट्य स्पर्धेच्या एका प्रयोगाला आमचा डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र, पहिल्याच अंकात बंद पडला. आम्ही पोरं घामानं चिंब. मामांनी कुणाला काही न विचारता दोन दिव्यांची जोडणी बदलली, उरलेल्या चार दिव्यांत नाटकाची रात्र केली आणि वरून आम्हालाच दटावलं, ‘एंट्री सोडू नका.’ प्रकाशयोजनेला त्या वर्षी बक्षीस मिळालं नाही, मिळण्यासारखं नव्हतंच. पण प्रयोग पडला नाही. अशी माणसं निविदेत कुठल्या रकान्यात बसवायची?

आज बहुतेक गावांत नाट्यगृहाचा डोअरकीपर, पडदा ओढणारा, साऊंडवाला आणि मेकअपरूम झाडणाऱ्या मावशी कुणा ठेकेदाराकडं रोजंदारीवर असतात नाहीतर ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगागणिक पैशांवर, येतात. नाट्यगृह बंद तर नाईट बंद. आमच्यासारख्या हौशी लोकांना नोकरी असते, पेन्शन असते. यांचं पोट तिसऱ्या घंटेवर चालतं. गेल्या काही काळात यातले किती जण लग्नाच्या मांडवात डेकोरेशनला गेले, ते मला माहीत आहे, कारण मांडवात मी त्यांना भेटलो आहे. एकानं कोल्ड्रिंकची बाटली हातात ठेवली आणि विचारलं, ‘आपलं कधी उघडणार?’ त्याचं ते ‘आपलं’ मला फार लागलं.

पडद्यामागच्या माणसाला मान देणं या गावाला नवीन नाही. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी 1917 मध्ये इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कॅमेराही स्वतः घडवला. पडद्यामागच्या कारागिराची पत इथं एवढी होती. खुद्द केशवराव विशीच्या आत असताना, 1908 मध्ये, त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी सुरू केली. त्या काळच्या नाटक कंपन्यांत गायक नट, तबलजी आणि आचारी एकाच बिऱ्हाडात राहत. ते दिवस फार सुखाचे होते असं मी म्हणत नाही, पण पडदा ओढणारा माणूस कंपनीचा असे. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं हेच नाट्यगृह, अशा मंडळींनी नांदतं ठेवलं.

आता मुद्द्याचं. नवीन वास्तूचे नकाशे अभियंत्यांनी करावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नेपथ्य उचलणाऱ्या माणसाला नकाशा दाखवला का? हे विचारायला कारण आहे. एका गावात, नाव घेत नाही, नवंकोरं नाट्यगृह झालं. संगमरवरी पायऱ्या, झुंबर, सगळं. आमचा टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला लागला तेव्हा कळलं की सामान आत न्यायचा दरवाजा घराच्या दरवाजाएवढाच आहे. आठ फुटी फ्लॅट आम्ही रस्त्यावर करवतीनं कापला आणि आत नेऊन पट्ट्या मारून पुन्हा जोडला. मेकअपरूम जिन्यानं वर, तर बायकांचं स्वच्छतागृह प्रेक्षकांच्या बाजूला. नऊवारी नेसून, गजरा माळून आमची नायिका प्रेक्षकांच्या रांगेत उभी! लोकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग आहे. तिथल्या एखाद्या मावशीला आधी विचारलं असतं तर तिनं दोन मिनिटांत सांगितलं असतं.

स्थानिक संस्थांचंही तसंच. शनिवार-रविवारच्या रात्रीच्या तारखा मोठ्या व्यावसायिक नाटकांना जाणार, हे आम्ही समजू शकतो. त्यांच्यामुळंच प्रेक्षकाला नाट्यगृहाची सवय राहते. पण आठवड्याच्या मधली सकाळ-दुपारची सत्रं बऱ्याचदा रिकामी असतात. ती तालमीसाठी कमी भाड्यात दिली तर रिकाम्या खुर्च्यांचं काय बिघडणार? शाळेच्या वर्गात केलेली तालीम आणि खऱ्या रंगमंचावरची तालीम यांत किती अंतर असतं, ते नवख्या नटाला पहिल्या प्रयोगात कळतं. तोवर उशीर झालेला असतो. शाहिरी, भजन, भारूड करणाऱ्यांना तर अनामत रकमेचा आकडा ऐकूनच माघारी फिरावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. जे तंत्रज्ञ आणि कामगार आगीपूर्वी इथं राबत होते, त्यांना नव्या व्यवस्थेत आधी बोलवावं. ठेका कुणाचाही असो, त्यांचा अनुभव त्यात मोजला जावा. आणि उद्घाटनाचे हार-तुरे होण्याआधी एक संध्याकाळ रिकाम्या नाट्यगृहात आम्हाला द्यावी. टेम्पो मागं लावू, नेपथ्य आत नेऊ, मामा दिवे टांगतील, एखादी मुलगी माईकशिवाय दोन ओळी म्हणेल. काय अडतंय, काय ऐकू येत नाही, ते तिथल्या तिथं लिहून देऊ. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं काम माझ्याकडं. कान अजून चांगले आहेत.

आपला,
एक हौशी रंगकर्मी,
शिवाजी पेठ, कोल्हापूर