लुसिया हेच नाव का

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "लुसिया? हे कसलं गं नाव?" तेवढ्यात बाळ उठलं आणि सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले.

नाव लॅटिन आहे. 'लक्स' म्हणजे उजेड. त्यावरून रोमन लोकांत मुलगा लुसियस, मुलगी लुसिया. उजाडताना जन्मलेल्याला लुसियस म्हणत, असं व्हारो हा जुना रोमन पंडित सांगतो. आपली पोरही तांबडं फुटतानाच झाली.

नाव गाजलं ते संत लुसियामुळे. ती सिसिली बेटावरच्या सिराक्यूजची. इ.स. 304 मध्ये, डायोक्लेशियन बादशहाच्या राज्यात, धर्मासाठी तिचा जीव घेतला असं मानतात. भुयारात लपलेल्या लोकांना ती जेवण पोचवायची आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून दिवे डोक्यावर बांधायची, अशी कथा आहे. मला ती याच कथेसाठी आवडते. आधी हातात अन्न, मग बाकीचं.

इथे स्टॉकहोमला 13 डिसेंबर हा तिचा दिवस. त्या सुमारास सूर्य दुपारी तीनच्या आत मावळतो. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात वर्षातली सगळ्यात मोठी रात्रही याच तारखेच्या आसपास यायची. गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीच्या शाळेत गेलो होतो. बाहेर काळोख, आणि पांढरे झगे, कमरेला लाल फीत अशा मुली गात आत आल्या. पुढचीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट. लहान मुलांना हल्ली बॅटरीचेच दिवे देतात, काळजी नको. नंतर केशर घातलेले पिवळेधमक पाव मिळाले, दोन्ही टोकांना वळवलेले, प्रत्येक वळणात एक बेदाणा. आई, तुला ते नक्की आवडतील. नाव तेव्हाच आमच्या मनात बसलं.

बाबा, 'लक्स' आणि आपला संस्कृत 'रुच्' धातू एकाच मुळाचे. गुरुजींनी स्वातीचं 'रो' अक्षर काढलंय, तर पत्रिकेतलं नाव रोचना ठेवूया का? तुम्ही हो म्हणालात तरच.

बारशाला दोघांनी यायचंच. कानात नाव सांगणारी आत्या स्वीडिश आहे, तिला 'कुर्रर्र' कसं म्हणायचं ते आईनेच शिकवायला हवं. पाळण्याची गाणी लिहिलेली तुझी वहीही आण.

तुमची,
ताई