सही, शाल, फोटो; आणि पुढे?

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला ‘फील्ड प्रोजेक्ट’, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन करायचा प्रकल्प, आणला आणि महाविद्यालयांना सामाजिक संस्थांची आठवण झाली. सामंजस्य करार होतात, पण वेळापत्रक कुणी पाहत नाही.

माण-खटावमधल्या विहिरींची पाणीपातळी मोजण्याचेच काम घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. गावातल्या इतर विहिरी त्याच महिन्यांत मोजल्या, तरच आकडे ताडून पाहता येतात. मे महिन्यात मात्र मुले परीक्षेत नाहीतर सुट्टीवर. म्हणजे नेमकी टंचाईतली नोंद गळते! ती जबाबदारी संस्थेच्या गावातल्या कार्यकर्त्याकडे आधीच लेखी द्यावी.

मोजणीतल्या चुकाही ठरलेल्या. टेप कठड्यावरून सोडतात आणि कठड्याची उंची वजा करायची राहते. अडीच फुटी कठडा असेल तर पाणी आहे त्याहून तेवढेच जास्त खोल दिसते. काही जण मोटर चालू असतानाच माप घेतात. प्रत्येक विहिरीवर टेप जिथून सोडायची तिथे ऑइलपेंटची एकच खूण हवी, मोटर आदल्या रात्रीपासून बंद हवी आणि माप सकाळीच घ्यावे. शेतकऱ्याला आधी विचारावे, हे वेगळे सांगायला नको.

एसटीचे भाडे कोण देणार, आकडे कोणाकडे राहणार, यावर करारात बहुधा ओळही नसते. प्रकल्पवही गुण मिळाल्यावर कपाटात जाते. तिची प्रत महिन्याभरात ग्रामपंचायतीला मिळालीच पाहिजे, ही अट सहीच्या आधी घालावी.

– एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)