सही करण्याआधी

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. गाणं किती लोकांनी ऐकलं, मुंबईच्या कंपनीचा करार कसा आला, कॉलेज आत्ताच सोडावं वाटतंय. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. फोनवर अशी गोष्ट बोलून होत नाही, म्हणून लिहायलोय. आधीच सांगतो माय, गाणं सोड असं या पत्रात कुठंही नाही.

दिवाळीत तू मला इंग्लंडच्या स्टीव्ह विनवुड या गायकाची गाणी मोबाईलमध्ये भरून दिलीस. वाळूजला कारखान्यात बसनं जाता-येता मी तीच ऐकतो. शब्द निम्मे कळत नाहीत, पण आवाज कळतो आणि ऑर्गनवर त्याची बोटं कुठं थांबतात ते कळतं. मग तुझ्या चुलतभावाकडून मी त्या माणसाची माहिती काढून घेतली.

त्याचे वडील बर्मिंगहॅमला फाउंड्रीत, म्हणजे आपल्यासारख्याच धातू ओतायच्या कारखान्यात, कामाला होते. हे ऐकलं आणि माझा जीव त्या घरात गुंतला. भट्टीपुढं पाळी करून, रस ओतून संध्याकाळी हातांची काय गत होते, हे मला कुणी सांगायला नको. त्याच हातांनी ते सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवायचे. आठ वर्षांचा स्टीव्ह आणि त्याचा थोरला भाऊ मफ यांनाही बँडमध्ये घ्यायचे. पबमध्ये एवढ्या लहान पोराला वाजवायची मुभा नव्हती, म्हणून पियानोची पाठ लोकांकडं फिरवून ठेवत. पोरगं मागं झाकून जायचं. तूही तेवढीच होतीस जेव्हा नाथषष्ठीला पैठणला आपल्या भजनी मंडळात पेटीवर बसलीस. पखवाज माझ्याकडं होता. तुला लपवायची गरज नव्हती, बायाबापड्या पुढं सरकून तुलाच बघत होत्या.

पुढं शाळेत असतानाच स्टीव्ह अमेरिकेहून येणाऱ्या ब्लूज (तिकडच्या काळ्या लोकांची जुनी गायकी) गायकांच्या साथीला वाजवायला लागला. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि लोक तीच दोन ओळींत उरकतात. साथीला बसलेल्या माणसाला गाणाऱ्याचा श्वास ओळखावा लागतो. कधी थांबायचं, कुठं जागा सोडायची, हे तिथंच अंगात मुरतं. तुझ्या नव्या गाण्यात आवाज सुरेख लागलाय, पण मागचा ड्रम काय म्हणतोय ते तू ऐकत नाहीस. दुसऱ्या कडव्यात त्यानं तुझ्यासाठी जागा सोडली होती, तू ती भरून टाकलीस. पुन्हा एकदा ऐकून बघ.

चौदा-पंधराव्या वर्षी तो भावासोबत स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये गेला. जानेवारी 1966 मध्ये 'कीप ऑन रनिंग' इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी 'गिमी सम लव्हिन' आलं आणि अमेरिकेतही गाजलं. आवाज याचा, ऑर्गन याचा, नाव मात्र ग्रुपला स्पेन्सर डेव्हिसचं. आणि सगळं असं जोरात चाललेलं असताना, 1967 च्या एप्रिलमध्ये, वयाची एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आत त्यानं तो ग्रुप सोडला. जिम कॅपल्डी, ख्रिस वुड आणि डेव्ह मेसन या दोस्तांना घेऊन ॲस्टन टिरोल्ड नावाच्या खेड्यात एका झोपडीवजा घरात जाऊन राहिला. तिथं ते मनाला येईल तेवढा वेळ एकत्र वाजवत. त्यातून ट्रॅफिक हा बँड उभा राहिला. चालतं दुकान बंद करून रियाजाला बसायला फार हिंमत लागते, पोरी. ती त्याला कुठून आली याचा मी पाळीवर उभं राहून पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं घरातूनच आली. संगीत म्हणजे कामावरून आल्यावर वडील वाजवतात ते, असं त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. टाळ्या थांबल्या तरी ते थांबणार नव्हतं.

घाई त्याच्याही वाट्याला आली. 1969 मध्ये गिटारवाला एरिक क्लॅप्टन आणि ड्रमवाला जिंजर बेकर यांच्याबरोबर ब्लाइंड फेथ हा बँड झाला. लंडनच्या हाइड पार्कात 7 जूनला पहिलाच कार्यक्रम, समोर लाखभर लोक. अमेरिकेच्या दौऱ्यात लोकांना यांच्या आधीच्या बँडांची गाणी हवी असत. एकच अल्बम निघाला, तो दोन्ही देशांत पहिल्या नंबरवर गेला, आणि वर्ष संपायच्या आत बँड मोडला. नवी गाणी पिकायला कुणी वेळच दिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

1977 मध्ये त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला, तो फारसा चालला नाही. मग ग्लॉस्टरशरमधल्या घरी स्टुडिओ करून त्यानं पुढच्या अल्बमची सगळी वाद्यं स्वतः वाजवली. 1980 च्या शेवटी 'आर्क ऑफ अ डायव्हर' आला. आणि अमेरिकेत त्याचं पहिल्या नंबरचं पहिलं गाणं, 'हायर लव्ह', 1986 चं. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. तू आत्ता एकोणीसची आहेस. कंपनीचा माणूस तुला म्हणतो, आत्ता नाही तर कधीच नाही. त्याचं ते कामच आहे, पण ते खरं नाही.

आता कराराचं. आपल्या ओळखीच्या वकिलांना मी विचारून ठेवलंय. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला, त्यामुळं गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून दिला तरी सुटत नाही. तुझी चाल तुझी आहे, तेव्हा 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य असेल तिथं पेन्सिलनं खूण कर. हक्क किती वर्षांसाठी दिले ती मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. गाणी कोण निवडणार, आणि तुला वर्षभर थांबून काही शिकावंसं वाटलं तर थांबता येईल का, ही दोन उत्तरं त्यांच्याकडून लेखी घे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर माझ्या मते सही करू नकोस. सही तुझी आहे, तू सज्ञान आहेस. मत मात्र मी सांगणार.

कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म तेवढा भरून टाक, फी मी पाठवलीय. पेपर द्यायचे की नाही ते नंतर ठरव. शनिवारी माझी सकाळची पाळी आहे, तीनपर्यंत घरी येतो. करार मोबाईलवर नको, छापून आण. सगळे मिळून वाचू. रात्री मंडळात भजन आहे, पेटीवाले काका गावाला गेलेत, तर तू बसशील का ते कळव. आई विचारायली, धपाटे करू का पुरणपोळी.

तुझे,
बाबा