जुन्या वस्तू मागण्याआधी दिलेल्या सांभाळा

मा. संपादक,
स. न.

कालच्या ठाणे पुरवणीत ‘माळ्यावरच्या चिनी मातीच्या जुन्या वस्तू संग्रहालयांना द्या’ असं आवाहन करणारा लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण वस्तू एकदा घराबाहेर पडली की पुढं तिचं काय होतं, याविषयी अख्ख्या लेखात एक अक्षर नाही. आम्ही अशी वस्तू दिलेली आहे. तिचं काय झालं ते मी स्वतः पाहून आले आहे. लेख वाचल्यापासून राग गेला नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्र. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव छापलं की खुलासा येईल, खुलाशावर खुलासा येईल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल.

आमच्या सासूबाईंच्या काचेच्या कपाटात पोर्सिलिनची नाचणारी बाई होती. वीतभर उंच, एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात घागऱ्याचं टोक, आणि घागऱ्याला जाळीची झालर. ही झालर कशी करतात हे खरं तर लेखात यायला हवं होतं. खरी सुती लेस पोर्सिलिनच्या पातळ घोळात बुडवतात, ओली असतानाच चुण्या घालून मूर्तीभोवती बसवतात आणि मूर्ती भट्टीत जाते. सूत जळून जातं, मागं उरते ती नुसती मातीची जाळी. जर्मनीत ड्रेस्डेन आणि आसपासच्या कारखान्यांनी या कामात नाव काढलं, म्हणून तिला ड्रेस्डेन लेस म्हणतात. ती तळलेल्या पापडासारखी असते, बोट लागलं की तुकडा हातात.

सासूबाई तिच्यावर कधी कुणाला फडका मारू देत नसत. दसऱ्याच्या साफसफाईत रंगकामाच्या मऊ ब्रशनं त्या स्वतः धूळ काढायच्या. उचलायची झाली तर एक तळहात बैठकीखाली, दुसरा पाठीशी. हाताला किंवा मानेला धरून उचलायची नाही, कारण अशा मूर्तीचे हात, डोकं, धड वेगवेगळ्या साच्यांतून काढून त्याच घोळानं जोडलेले असतात आणि तुटतात ते बहुतेक सांध्यातच. सासूबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी वस्तू वापरता वापरता ओळखली होती. मला ते नोकरीत कळलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात विजेच्या खांबांवरचे पोर्सिलिनचे इन्सुलेटर तपासायचं काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. नाचणारी बाई असो की खांबावरचा इन्सुलेटर, मूळ माल केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ हाच. त्यामुळं या विषयात मला काय कळतं, असं कुणी म्हणू नये.

मूर्ती आतून पोकळ होती. आतली हवा भट्टीत कोंडू नये म्हणून अशा मूर्तीच्या तळाला भोक ठेवतात. त्या भोकात सासऱ्यांनी कागदाची एक सुरळी सारून ठेवली होती. त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: १९४७, फोर्टमधला लिलाव, विलायतेला परत निघालेल्या रेल्वेच्या साहेबाचं सामान, आणि मोजलेली किंमत. खाली वेगळ्या शाईत नंतर घातलेली भर: साहेबाच्या बायकोनं सांगितलं की ही तिच्या आईची. सासरे हिशेबी माणूस. पैसे कशाला गेले हे लिहून ठेवायची सवय, त्यातून ही चिठ्ठी झाली. पण एखाद्या मूर्तीचा तीन घरांचा प्रवास सांगणारा कागद मूर्तीच्याच पोटात सापडावा, याहून चांगली नोंद संग्रहालयाला आणखी कुठली हवी?

सासूबाई गेल्या, नौपाड्यातलं जुनं घर इमारतीसाठी पाडलं, आम्ही फ्लॅटमध्ये आलो. कपाट मावेना. यजमान म्हणाले, घरात धक्का लागून फुटण्यापेक्षा चार लोकांनी पाहिलेली बरी. मलाही ते पटलं. चिठ्ठी आहे तशीच भोकात ठेवून, ती दाखवून, वाचून दाखवून मूर्ती दिली. पावती मिळाली: ‘चिनी मातीची बाहुली, १ नग’. नोंद क्रमांकाची जागा कोरी. क्रमांक मागाहून कळवतो म्हणाले. तो आजवर कळवलेला नाही.

या मे महिन्याच्या सुट्टीत नातीला पणजीची बाहुली दाखवायला घेऊन गेले. कपाट सापडलं. मूर्तीही होती. पुढच्या बाजूची झालर तुटलेली, तुकडे तिथंच फळीवर पडलेले. वर उचललेला हात खांद्यात निखळून पुन्हा चिकटवलेला आणि सांध्यातून डिंक पिवळा पडून बाहेर आलेला. बैठकीच्या सोनेरी कडेवरून आडवी सेलोटेप लावून तिच्यावर नावाची पट्टी डकवलेली: ‘युरोपीय बाहुली, १९ वे शतक’. टेपचं एक टोक वाळून सुटलं होतं. जिथं सुटलं होतं तिथलं सोनं टेपबरोबर निघून आलं होतं आणि खाली पांढरी झिलई उघडी पडली होती. नात विचारत होती, आजी, हिला कुणी मारलं का? मला उत्तर देता आलं नाही.

हे का झालं ते सांगते, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. अशा मूर्तीची मुख्य भाजणी १४०० अंशांच्या आसपास होते, त्यात माती आणि झिलई एकजीव होतात. सोनं आणि वरचे बरेचसे रंग त्यानंतर, झिलईच्या वर लावून, ७०० ते ८०० अंशांवर पुन्हा भाजतात. म्हणजे सोनं मातीत मुरलेलं नसतं, वर बसलेलं असतं. टेप, घासणी, तीव्र साबण, कशानंही ते जातं. क्रमांक घालायची रीत ठरलेली आहे: तळाला, सहज दिसणार नाही अशा जागी, आधी पारदर्शक लॅकरचा पातळ थर, त्यावर शाईनं बारीक आकडा, म्हणजे उद्या पुसायचा झाला तरी मूळ वस्तूला धक्का नाही. याला मोठं अनुदान लागत नाही. एक छोटी बाटली, एक टाक आणि काम करणाऱ्याला अर्ध्या तासाचं शिक्षण लागतं.

सासऱ्यांच्या चिठ्ठीबद्दल विचारलं. कर्मचारी म्हणाला, भोकात कागद कोंबलेला होता, कचरा असेल म्हणून काढला असेल. भोकही आता दिसत नाही. मूर्ती लाकडी पाटीवर पक्की बसावी म्हणून तळ प्लास्टरनं भरून टाकला आहे. आणि कारखान्याची निळी खूण तळालाच होती! पोर्सिलिनचा काळ ठरवताना जाणकार आधी तळ बघतात. माइसेन या नावाजलेल्या जर्मन कारखान्याच्या, एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या दोन तलवारींच्या खुणेची नक्कल कितीतरी कारखान्यांनी केली, म्हणून खूण नीट तपासावी लागते. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळं ते नाव आहे की नाही यावरूनही अंदाज बांधता येतो. ते सगळं आता प्लास्टरखाली आहे.

मी आवाज चढवल्यावर एक वरिष्ठ आले. ते म्हणाले, १९७२ च्या कायद्याप्रमाणं अशी वस्तू १०० वर्षांची झाल्याशिवाय पुरातन ठरत नाही, आणि ही तेवढी जुनी नसावी, तेव्हा एवढं मनाला लावून घेऊ नका. मग पट्टीवर १९ वे शतक कुणी आणि कशावरून लिहिलं? मूर्ती जुनी असेल तर तिची अशी दशा का, आणि जुनी नसेल तर लोकांना खोटं का सांगता? याचं उत्तर मिळालं नाही.

मातीच्या वस्तूला किंमत कशानं येते हे ठाण्याच्या माणसाला दूर जाऊन शिकायला नको. १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याला (आताचं नालासोपारा), म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बुरुड राजाचा कोट म्हणतात त्या जुन्या बौद्ध स्तूपाच्या टेकाडात खोदकाम केलं. दगडी पेटीत तांब्याचा करंडा निघाला, भोवती बुद्धांच्या ८ कांस्यमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या आत मातीच्या भांड्याची १३ बारीक खापरं. बुद्धांच्या भिक्षापात्राची म्हणून ती जपली गेली असावीत. काय कशात होतं हे भगवानलालांनी क्रमानं लिहून ठेवलं, म्हणून आज ती खापरं मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे मानानं आहेत. सुटी करून मूठभर कुणाच्या हातावर ठेवली असती तर झाडूनं गेली असती. आमची चिठ्ठी तशीच गेली.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या, नाना जातीजमातींची आणि धंद्यांची माणसं दाखवणाऱ्या मातीच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तिथंच जे. जे. कलाशाळेच्या कार्यशाळेतली झिलईची भांडी आहेत. कलाशाळेतले शिक्षक टेरी साहेब यांच्या देखरेखीखाली ती घडली, काहींवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी आहे. कुठं घडलं, कुणी घडवलं, नक्षी कुठली, हे माहीत असलं की भांड्यासमोर माणूस दहा मिनिटं उभा राहतो. माहीत नसलं की ‘फुलदाणी’ वाचून पुढं जातो. फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा, दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू आजही त्यांच्या नावानं ओळखल्या जातात. टाटांचं नाव टिकतं, आमच्या सासऱ्यांची चिठ्ठी कचऱ्यात जाते. नाव नका लावू, आम्हाला ते नकोच होतं. चिठ्ठी तरी ठेवायची!

आपल्यालाही एक सांगायचं आहे. लेखासोबत निळ्या फुलदाणीचा मोठा फोटो छापलात, पण ती कुठल्या संग्रहालयातली, कुठं घडलेली, याची ओळ खाली नाही. वस्तू द्या म्हणून सांगणाऱ्या लेखाबरोबर तरी हे व्हायला नको होतं. आणि मागं गोखले रोडच्या पदपथावर मी पाठवलेलं पत्र छापताना खोदून ठेवलेल्या खड्ड्याचाच परिच्छेद गाळलात. खड्डा अजून तिथंच आहे, गेल्या पावसात शेजारच्या आजोबांचा पाय त्यात मुरगळला. या वेळी जागा कमी पडली तर सुरुवातीची चार वाक्यं काढा, पण चिठ्ठीचा आणि टेपचा भाग कृपया राहू द्या.

लेखकांना माझी विनंती: पुढच्या लेखात वाचकांना एवढं सांगा की वस्तू देताना पावतीवर नोंद क्रमांक, वस्तूचं पूर्ण वर्णन आणि सोबत दिलेल्या कागदांचा उल्लेख लिहून घेतल्याशिवाय हात मोकळा करू नका. आधी चारही बाजूंनी आणि तळाचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तळाचा फोटो नाही. आणि त्या संस्थेला, नाव न घेता: प्लास्टर जाणकाराकडून काढून घ्या, फळीवर पडलेले जाळीचे तुकडे फेकू नका, ते अजून बसवता येतील. चिठ्ठीतला मजकूर मला पाठ आहे. तो लिहून, सही करून द्यायला मी तयार आहे, फक्त तो नोंदवहीत चढवा आणि मला क्रमांक कळवा. सासूबाईंची झिलईची एक बरणी अजून माझ्याकडे आहे. तो क्रमांक हातात पडेपर्यंत ती माझ्याच कपाटात राहील.

आपली,
एक जुनी वाचक
नौपाडा, ठाणे (प.)