वचने अर्धवट तोडून छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला श्रद्धा आणि सकारात्मक विचारांवरचा लेख वाचला आणि राहवले नाही. लेखिकेचा हेतू चांगला आहे याबद्दल वाद नाही. पण रोज सकाळी आरशासमोर उभे राहून हवे ते ठासून म्हणणे आणि ख्रिस्ती विश्वास या दोन्ही गोष्टी एकच, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. पुरावा म्हणून पवित्र शास्त्रातली दोन वचने आणि पंडिता रमाबाई. हे तिन्ही पुरावे त्यांच्याच विरोधात जातात.

पहिले वचन फिलिप्पैकरांस पत्र 4:13, म्हणजे अध्याय 4, वचन 13. ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो’ एवढाच तुकडा चौकटीत मोठ्या टाइपात छापला आहे आणि खाली परीक्षा, बढती, धंदा. दोन वचने मागे गेले असते तरी पुरले असते. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की पोटभर जेवायचे कसे आणि उपाशी राहायचे कसे, भरपूर असताना कसे वागायचे आणि चणचण असताना कसे, हे सगळे मी शिकलो आहे. ‘सर्व काही’ ते हे. लिहिणारा कैदेत आहे. सुटका होईल की जीव जाईल, या दोन्ही शक्यता त्याने पहिल्याच अध्यायात मांडल्या आहेत. पुढचे वचनही वाचा : माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरे केलेत, असे तो म्हणतो. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची ही पोच आहे. दुसऱ्यांनी धाडलेल्या मदतीबद्दल आभार मानणाऱ्या माणसाचे वाक्य आज ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ म्हणून भिंतीवर लावले जाते! ही तोडमोड नवी नाही. न्यूयॉर्कचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी 1952 सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हेच वचन दिवसातून दहा वेळा म्हणायला सांगितले होते. तेव्हापासून ते असेच मागचेपुढचे सोडून फिरते आहे.

दुसरे वचन यिर्मया 29:11, देवाने तुमच्यासाठी हिताचे संकल्प योजले आहेत, हे. त्याच्या आदल्याच वचनात, सत्तर वर्षे भरल्यावरच तुम्हांला परत आणीन, असे देव म्हणतो; तो आकडा लेखात नाही. बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून धाडलेले हे पत्र आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात कैदी म्हणून आहात त्याच शहराचे भले चिंता, असे ते सांगते. ते ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना स्वतः परत जाणे नशिबी नव्हते. वचन खरे, पण ते नातवंडांच्या पदरात पडायचे होते.

आणि 28वा अध्याय? सगळा मुद्दा तिथेच आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता, बाबेलची गुलामी लवकर संपणार नाही हे लोकांना दिसावे म्हणून. गिबोनचा हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की दोन वर्षांत सगळे परत येईल, मंदिराची भांडी, राजा, कैदी, सगळे. यिर्मयाचे पहिले उत्तर ‘आमेन’ असे आहे. परमेश्वर असे करो, असे तो मनापासून म्हणाला, कारण त्यालाही तेच हवे होते. मग हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले. लोकांना किती बरे वाटले असेल! पण यिर्मयाकरवी देवाचा पुढचा निरोप आला की तू लाकडाचे जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडाचे येईल. हनन्या त्याच वर्षी मेला. हनन्यापाशी उत्साह होता, खात्री होती, देवाचे नावसुद्धा होते. नव्हता तो फक्त देवाचा शब्द. मनाला उभारी देणारे प्रत्येक वाक्य देवाकडून आलेले नसते, एवढे तरी हा अध्याय वाचणाऱ्याला कळते. आपल्या लेखाने यिर्मयाचे वचन उचलले आणि शिकवण हनन्याची दिली.

लेखाचा मधला भाग सांगतो की मनात शंका आली की फळ मिळत नाही. मार्क 11 मध्ये डोंगराला ‘उपटून जा’ म्हणण्याचे वचन आहे, त्यात अंतःकरणात शंका नको असेही आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याच शुभवर्तमानात दोन अध्याय मागे एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि रडून कबूल करतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. मुलगा बरा झाला. आणि डोंगराचे वचन उच्चारणाऱ्या प्रभूने त्याच आठवड्यात गेथशेमाने बागेत प्रार्थना केली : हा प्याला दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तो पुन्हा पुन्हा जाऊन हेच मागत राहिला आणि प्याला दूर झाला नाही. येशूचा विश्वास कमी पडला, असे म्हणायची कोणाची छाती आहे? विश्वास देवपित्याला धरून असतो. मागितलेले मिळाले की नाही, यावर त्याचे मोजमाप होत नाही.

या शिकवणीने सगळ्यात जास्त पोळतो तो आजारी माणूस. ‘मी बरा झालोच आहे’ असे रोज म्हणायला सांगितले की पुढची पायरी गोळ्या सोडण्याची असते. क्षयाच्या साध्या रुग्णालाही सहसा सहा महिने औषध घ्यावे लागते. काही आठवड्यांतच खोकला-ताप ओसरतो, वजन वाढते, आणि नेमके तेव्हाच औषध सुटते. उरलेले जंतू मग त्याच औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. रोग उलटला की वर ऐकायचे, ‘तुझा विश्वास कमी पडला.’ शास्त्रातल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा दोष त्याचाच म्हणणारे त्याचे मित्र याहून वेगळे काय बोलत होते? पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी सोडले आणि तसे सरळ लिहून ठेवले. त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, आणि उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा राहिला.

आता रमाबाई. त्यांना ‘सकारात्मक दृष्टिकोनाचे उदाहरण’ म्हणणे मला फार लागले. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, 1882 मध्ये पती पटकीने गेले. डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या आणि बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. ते बहिरेपण गेले नाही. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने हाडे राहिलेल्या मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्या मुलींना जेवण, आंघोळ, औषध आणि कष्टाने शिकवलेली अक्षरे मिळाली. पुढे मुक्ती या त्यांच्या केडगावच्या संस्थेच्या छापखान्यात मुली खिळे जुळवायला बसल्या. 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, आईच्या आधी गेली. रमाबाई बायबलच्या भाषांतराचे काम करतच राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. मनासारखे घडण्याच्या हिशेबात हे आयुष्य कुठे बसवणार? त्या ज्या येशूवर विसंबल्या त्याचे नाव त्यांनी कधी लपवले नाही. आपल्या लेखात मात्र ते एकदाही आलेले नाही.

जाता जाता आणखी एक. दर वर्षी आपल्या अंकात ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी चौकट असते. तो प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. ख्रिस्ती माणसे त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा देत नाहीत. त्या जागेत शहरातल्या उपासनांच्या वेळा छापा. पुष्कळ मंडळ्यांत दुपारी 12 ते 3 वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन असते. शुभेच्छा ईस्टरच्या सकाळी द्या, आम्ही आनंदाने घेऊ.

आणि यापुढे शास्त्रवचन छापाल तेव्हा पुस्तक, अध्याय आणि वचनाचा आकडा सोबत द्या, म्हणजे वाचकाला मागचेपुढचे उघडून पाहता येईल.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर