शेवटच्या रांगेपर्यंत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

शनिवारी तुम्ही दोघं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात गिटारच्या कार्यक्रमाला जाताय. बाबा, तुम्ही विचारलंत की या वाद्याला एवढ्या वायरी लागतातच कशाला? फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

गिटारचं जुनं दुखणं म्हणजे आवाज लहान. मुळात हे बैठकीच्या खोलीचं वाद्य. १९व्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस यांनी बॉडी मोठी केली, वरची फळी पातळ ठेवली आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या चिकटवल्या. पातळ फळी थोड्या जोरातही हलते. पट्ट्या नसतील तर तारांच्या ताणाने ती फुगते, वाकते. १८६२ साली त्यांनी एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. ती तरीही वाजली, म्हणजे खरं काम वरच्या फळीचं. मला हा प्रयोग फार आवडतो.

अशा घडणीच्या गिटारवर स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोविया मोठ्या सभागृहांत माइकशिवाय वाजवत. तेव्हाच्या जनावरांच्या आतड्याच्या तारा सारख्या उतरत, तुटत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं, तेव्हा नायलॉनच्या तारा आल्या.

पण ड्रम आणि पितळी वाद्यांपुढे ही गिटार दबून जायची. तोड निघाली ती मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारवर, १९३१-३२च्या सुमारास, रिकनबॅकर कंपनीच्या 'फ्राइंग पॅन' नावाच्या विजेच्या गिटारमध्ये. ती तोड म्हणजे पिकअप. बाबा, तुमच्या पलंगाखालची गिटार याच कुळातली. आपल्याकडच्या ब्रिजभूषण काबरांनी त्याच हवाईयन पद्धतीवर राग बसवले.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि भोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, साधारण सात-आठ हजार. वरची स्टीलची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. नायलॉनला चुंबक ओळखत नाही. म्हणून शनिवारी नायलॉनची गिटार असेल तर माइक वीतभर अंतरावर, भोकासमोर नव्हे तर मानेच्या जोडाकडे वळवलेला दिसेल. भोकातून नुसता घुमारा येतो.

आता 'घूंऽऽ' असा आवाज. वेढे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडतात, आणि मंचावरच्या दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारे डिमर त्यात भर घालतात. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळी उलटसुलट जोडली, चुंबकाची टोकंही उलटी ठेवली. गुणगुण एकमेकांना खोडते, तारेचा स्वर दुणावतो. शीळ घातल्यासारखा आवाज मात्र वेगळा. स्पीकरचा आवाज गिटारला हलवतो, पिकअप तोच परत स्पीकरला देतो. वादक एक पाऊल बाजूला सरकला किंवा आवाज कमी केला की थांबतो. १९६९ साली अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने याच शिळेला स्वर बनवलं. त्याआधी १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० लोकांच्या आरडाओरड्यात बीटल्सना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. १०० वॉटचे अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारी यंत्रं, तिथे पुरले नाहीत.

आई, तू पुढच्या कोपऱ्यात बसू नकोस, तिथे एकाच बाजूच्या स्पीकरचा मारा होतो. मधली रांग, मधली खुर्ची घ्या.

आणि बाबा, कार्यक्रम ऐकून आल्यावर तुम्हाला तुमची गिटार काढावीशी वाटेलच. नागपुरात कूलर लागलेत. ओला झोत आणि कोरडी दुपार असं आलटून पालटून झालं की लाकूड फुगतं, आक्रसतं, फळीला चीर जाते. तिला झोतापासून दूर, खोक्यातच ठेवा. तारा एका दमात वर चढवू नका, सगळ्या थोड्या थोड्या, दोन दिवसांत स्वराला आणा. गंजल्या असतील तर पूर्ण संच बदला. वायर लावल्यावर खरखर आली तर घाबरू नका, जॅकवर, म्हणजे वायर खोचायच्या जागी, गंज बसलेला असतो. अॅम्प बंद ठेवून पिन दहा-बारा वेळा आतबाहेर करा. तरीही खरखर राहिली तर आतला सैल सांधा डाग देऊन जोडावा लागेल. तो मी दिवाळीला आले की करते.

तुमची,
मनू