रात्री आठची हजेरी

आई, बाबा,

फोन सारखा तुटत होता म्हणून लिहायलाच बसले. आई, तू परत परत विचारत होतीस ना की ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहायची गरजच काय, तर आधी तेच सांगते, तुंगुराहुआ 2016 पासून शांत आहे, मी इक्वेडोरमध्ये बान्योस गावात बरी आहे आणि वेळेवर जेवतेय.

बाबा, पुढचं मात्र तुमच्यासाठी. 1999 ला हा डोंगर जागा झाला तेव्हा सरकारने बान्योस आणि आसपासची 25 हजारांच्या घरात माणसं बाहेर काढली, पण मोठा स्फोट काही होईना, घरं आणि शेतं तशीच सोडून आलेली, शेवटी जानेवारी 2000 मध्ये लोक सैनिकांचं कडं मोडून घरी परतले. मला तरी त्यांचं चुकलं असं वाटत नाही. मग डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या शेतकऱ्यांच्याच हातात रेडिओ सेट दिले. इथे त्यांना बिहिया म्हणतात, म्हणजे राखणदार. रोज रात्री 8 ला वेधशाळेतून हाक यायची आणि एकेक जण सांगायचा, आज आवाज किती झाले, राख पडली का, ओढा कसा वाहतोय. पगार काही नाही, वर भूकंपमापकाभोवतीचं गवतही हेच काढायचे.

मी ज्या आजोबांकडे जाते ते म्हणाले, पाऊस पडला की राखेचा चिखल दगडधोंडे घेऊन ओढ्यातून येतो आणि तो दिसायच्या आधी ऐकू येतो. मला एकदम तुम्ही आठवलात, 2019 च्या पावसात मध्यरात्री उठून बसलात, ओढ्याचा आवाज बदललाय म्हणालात आणि आपण गुरं सोडून वरच्या अंगाला नेली. आमच्या वेधशाळेचं मशीन पण जमिनीतून तोच आवाज टिपतं.

16 ऑगस्ट 2006 च्या रात्री तापलेल्या राखेचे लोट खाली उतरले, तेव्हा या रेडिओंमुळे कितीतरी लोक वेळेत निघाले. पालिक्ताहुआ गावात मात्र काही जणांचा जीव गेला. तिथवर आले की आजोबा गप्प होतात, मग मीही विचारत नाही.

बाबा, तुमच्या पावसाच्या नोंदींच्या वह्या आहेत ना अजून? आई, माळ्यावरचं काही रद्दीत देऊ नकोस प्लीज. दोन-चार पानांचे फोटो पाठवा, आजोबांना दाखवायचेत, त्यांनी मागितलेत.

तुमची,
ताई